कबरीतली केळी

स्वतःच्या कबरीत पिकलेली केळी गावाला वाटून खाणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आमच्या बऱ्हाणपूरपासून तापी ओलांडली की जैनाबादेत राहत होता. लोक त्यांना फादरबाबा म्हणत. केरळातून तरुणपणी मिशनचे धर्मगुरू म्हणून आले आणि केस पिकेपर्यंत इथेच राहिले. धर्म शिकवायला आले म्हणावं, तर मी त्यांना लोकांचे पाय धुण्याखेरीज फारसं काही करताना पाहिलं नाही. शेतात चिघळलेले, साखरेने सडलेले, कुष्ठरोगाने झिजलेले पाय ते खुशाल मांडीवर घेत आणि जखम साफ करताना पायाच्या मालकाला मनसोक्त झापत. माझ्या अंगठ्याची जखमही त्यांनीच भरून आणली. "मास्तर, इतकी पुस्तकं वाचली, एकातही चप्पल घाल असं लिहिलं नव्हतं?"

थोरपणाचा त्यांना कंटाळा होता. एकदा शहरातल्या पुढाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. प्रत्येक भाषणात त्यांना बढती मिळत गेली; समाजसेवकाचे संत झाले, संताचे देवदूत. हे मात्र मागच्या फ्लेक्सकडे टक लावून बसलेले. समारंभ संपताच त्यांनी तो मागून घेतला आणि दवाखान्याच्या गळक्या पत्र्याखाली ताणून बांधला. तेव्हापासून खाटेवर पडणाऱ्याला वर हात जोडून हसणारे फादर दिसू लागले. चांदनी गावची एक म्हातारी घाबरलीच. "बाबा, तुम्ही वरून बी पाहता का हो?"

"पाहतो ना. म्हणून पट्टी ओली करू नको."

कबरीची गोष्ट अशी. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तसा वरिष्ठांनी त्यांना केरळातल्या म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात हलवायचा बेत केला. फादरना तर इथल्याच मातीत जायचं होतं. त्यांनी प्रार्थनाघरामागे सरळ खड्डा खणून घेतला. "एकदा यात शिरलो की कोण माझी बदली करतो बघू." पावसाळ्यात खड्ड्यात शेळी पडली. मग त्यांनी तो शेणखताने भरला, आणि तापीकाठी जमीन रिकामी ठेवणं पाप, म्हणून त्यात केळ लावली. ती अशी माजली की पहिला घड दोघांनी धरून उतरवावा लागला. पट्टी करून घेतलेल्या प्रत्येकाच्या हातावर ते केळी ठेवत. "खा, माझ्या कबरीतली आहेत." शेजारच्या केळीवाल्या शेतकऱ्याला हे सहन होत नसे. "बाबा, असं अभद्र नका बोलू ना. घशाखाली उतरत नाही मग."

पुढे वरिष्ठ स्वतः गाडी घेऊन आले. फादरनी त्यांना थेट कबरीपाशी नेलं. "केळ निसवली आहे, बघा, केळफूल लोंबतंय. घड लटकलेला असताना मी हलतही नाही आणि मरतही नाही."

"मग कधी येता?"

"घड उतरला की."

घड उतरला तोवर बुंध्याशी नवं पील, म्हणजे पुढच्या घडाचं रोप, उभं राहिलं होतं. एवढ्या मुदतवाढीवर फादरनी बरीच वर्षं काढली. सरकारी कचेरीलाही हेवा वाटावा.

मग गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आणि ज्याला हलता येत नाही त्याला हलवणं सोपं असतं. गाडीत चढवताना त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, घड आहे ना?"

"आहे."

"मग येतो मी परत."

आता दर रविवारी आश्रमातून फोन येतो. तब्येतीचं विचारलं तर उडवून लावतात. आवाज दर खेपेला थोडा आत गेलेला असतो, प्रश्न तोच असतो: "घड आहे?" मी देव, नवस, चमत्कार यातलं काही मानत नाही. पण सकाळी लोधीपुऱ्यातल्या घरातून निघून, पूल ओलांडून त्या केळीला पाणी घालून येतो. परवा तो शेजारचा शेतकरी कोयता घेऊन पिलं छाटायला आला. मी अडवलं.

"काय मास्तर, इतकी पिलं कोनी ठेवते का? एक ठेवा, बाकीची काटून टाकू. नाही तर घड बारके येतील."

"येऊ देत बारके," मी म्हणालो. "पण एक उतरेल तेव्हा दुसरा लटकलेला पाहिजे."

त्याने कोयता कमरेला खोचला आणि पाण्याची नळी ओढत घेऊन आला.