ग्लेनिसने खाल्लेला केक

एका गावच्या पोलीस ठाण्यात ग्लेनिस ऑर्मरॉडने बावीस वर्षं कैद्यांना जेवण दिलं आणि दर अर्ध्या तासाला दाराच्या झडपेतून डोकावून नोंदी केल्या. बाई फटकळ, पण कुणाचं दुखलं-खुपलं तिला सोसायचं नाही. तिशीतला एलिस नव्याने रुजू झाला, तेव्हा तिनेच त्याला हाताशी धरलं.

"हा काय चहा केलायस रे? भांडी विसळलेलं पाणी बरं!"

ठाण्याचा एक रिवाज होता. चूक करणाऱ्याने सगळ्यांना केक आणायचा. किल्ली हरवली, केक. नोंद चुकली, केक. केक खाल्ला की चूक मिटली, पुन्हा विषय काढायचा नाही.

मार्चमध्ये हवालदार केरशॉने बेड्या घातलेल्या एका कैद्याच्या हातावर बूट रोवला. ग्लेनिसने झडपेतून पाहिलं, तर मनगट टम्म सुजलेलं. डॉक्टरांना बोलवायला हवं होतं. तिने 'ठीक आहे' अशी नोंद केली. दुपारी केरशॉ लिंबाचा केक घेऊन आला.

"घ्या, आतल्या पाहुण्याच्या हाताबद्दल!"

सगळे खो-खो हसले. ग्लेनिसही हसली. वर दोन तुकडे खाल्ले.

एलिस पत्रकार निघाला. सात महिने त्याच्या सदऱ्याच्या बटणात कॅमेरा होता, आणि सगळं टीव्हीवर दिसलं. ग्लेनिस संतापली. "माझ्या हातचं खाऊन माझ्यावरच उलटला मेला!"

चौकशीच्या आधी कर्मचारी संघटनेचा माणूस घरी आला. "कॅमेऱ्यात मनगट दिसत नाही, बाई. पाहिलंच नाही म्हणा. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय, कशाला हात पोळून घेता?"

तो गेल्यावर तिने टीव्हीवर केकचा प्रसंग पुन्हा लावला. कॅमेऱ्याखालून एक हात पुढे आला आणि त्याने केकचा तुकडा उचलला. एलिसचाच हात. त्याला ते दृश्य सहज गाळून टाकता आलं असतं, पण त्याने ठेवलं होतं. मग हसण्यामागून कोठडीच्या दारावरची थाप ऐकू आली.

"ग्लेनिस! अहो ग्लेनिस, हात दुखतोय!"

त्या दिवशी सकाळी न्याहारी देताना तिनेच त्या कैद्याला आपलं नाव सांगितलं होतं. काही लागलं तर हाक मार, म्हणाली होती. ती हाक त्या दुपारी तिला ऐकू आली नव्हती असं मुळीच नाही. तिला फार लाज वाटली.

चौकशीत तिने सरळ सांगून टाकलं. "मनगट सुजलेलं पाहिलं. डॉक्टरांना बोलावलं नाही. खोटी नोंद केली. केक खाल्ला."

लिहून घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मान वर केली. "केकचं राहू दे हो, तो काही गुन्हा नाही."

"लिहा, बाई," ग्लेनिस म्हणाली. "तो आत हाका मारत होता, तेव्हा मी दुसरा तुकडा घेतला."