मुखवट्याची अट मीच मोडली

सुज्ञ मित्रहो, आज सायंकाळी आमच्या बुंदेली शहरातल्या सीपरी बाज़ारच्या मैदानात अस्मादिकांच्या प्रतिष्ठेचे विधिवत विसर्जन झाले, हे कळविण्यास अत्यंत आनंद होतो.

माझी कन्या वैदेही ड्रिल रॅप करते, म्हणजे तोंड झाकून, धमकीच्या सुरात, अतिद्रुत पठण. आमच्या पुरोहित घराण्याची लाज राहावी म्हणून मी एकच अट घातली होती : मुखवटा कदापि उतरणार नाही. आज तिचा पहिला जाहीर कार्यक्रम. तो फसला, तर रॅप बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास सुरू, असेही ठरले होते.

दुसऱ्याच कडव्याला संगीत वाजवणारा लॅपटॉप निश्चेष्ट पडला. वैदेही थांबली नाही. घरात नित्य ऐकलेल्या वेदपठणाचा दम कामी आला; फुकट सल्ले देणाऱ्या काकांवर ती बुंदेलीत अखंड बरसत राहिली. न राहवून मी प्लास्टिकची खुर्ची उपडी करून ताल धरला. पाठोपाठ सारे मैदान टाळ्यांची साथ देऊ लागले.

शेजारी बसलेले तिवारीजी, ही पोर कोणाची म्हणून ओरडले, "काए भैया, जा मोड़ी कौन की आय?"

"हमाई आय!" अस्मादिक गर्जले. "वैदेही, काढ तो मुखवटा!"

"बाबा, शर्त तो आपकी थी!" ती माइकवरून म्हणाली आणि मुखवटा थेट माझ्या अंगावर भिरकावला. मैदान दणाणले.

पुढचे आमंत्रण इलाइट चौराह्याजवळचे आहे. आयोजकांचा आग्रह, खुर्चीवाल्या काकांनाही आणा. मुखवटा माझ्याच खिशात आहे. मान्यवरहो, पन्नाशीच्या पुरोहिताने तो परिधान करावा काय?