पाळी बदलून मिळाली

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भोवरा म्हणत. तपासणीच्या टेबलाशी आठ तास उभं राहून ती कॉलर, काजं, बटणं बघायची आणि दर महिन्याला आठेक दिवस गरगरायची. टोपणनाव ठेवणाऱ्यांनी डोक्याला फारसा ताण दिला नव्हता.

दुखणं दिसायचं नाही, हीच पंचाईत. आडवी असताना नाडी बहात्तर. उभी राहिली की सव्वाशे, डोळ्यांपुढे काजवे, पायांना कापरं. "नाडी आणि रक्तदाब आपोआप सांभाळणारी मज्जासंस्था बिघडलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एरवी निभतं. पाळी जवळ आली की उचल खातं."

"पाळी आम्हालाही येते, वहिनी," नणंद म्हणाली. "आम्ही नाही हो अशा लोळत."

टेबलाशी ती दोनदा कोसळली होती. तिसऱ्यांदा पडलात तर घरी, असं साहेबांनी बजावलं होतं आणि घर तिच्याच पगारावर चाललं होतं. म्हणून तिने डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली: 'पाळीच्या आधी चार दिवस व पाळीत बसून काम द्यावे.'

कारखान्यात पाळ्या दोन, सकाळची आणि दुपारची. आठवड्याने हुकूम आला: पाळी बदलून दिली आहे, सोमवारपासून दुपारी यावे.

ती केबिनमध्ये गेली. तिथे खुर्ची एकच, तीही साहेबांखाली. सुपरवायझरबाई हजेरीचं रजिस्टर घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, ही पाळी नाही. महिन्याची."

"आपल्याकडे पाळी आठवड्याने बदलते. महिन्याची पद्धत नाही."

"बायकांची पाळी, साहेब."

"दुपारीही बायकाच आहेत की," साहेबांनी समजूत घातली.

सुपरवायझरबाई त्यांच्या कानाशी काही पुटपुटल्या. साहेबांनी नजर पंख्याकडे वळवली.

"मग तसं स्पष्ट लिहायचं. नवीन अर्ज द्या. महिनाभरात बघू."

त्या चार दिवसांतला आजचा पहिला. उभं राहून दहा मिनिटं झाली होती. काजवे आले. तिने साहेबांच्या टेबलाची कड धरली, हात सुटला, तशी ती सावकाश फरशीवर टेकली.

"हे पडणं धरायचं का?" साहेबांनी विचारलं.

"बसल्यात त्या," सुपरवायझरबाई म्हणाल्या.

"मग उठायला सांगा."

"उठते," भोवरा म्हणाली. एक गुडघा उभा केला. टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून तिने अंग वर ओढलं.

आता पडली तर लिहायला म्हणून सुपरवायझरबाईंनी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं.