नळीवरची पाटीलकी

आमच्या घराण्याकडे पाटीलकी होती, याचा एकमेव पुरावा काकांच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर टांगलेला असे. घोडा मोडलेली जुनी अमेरिकन बंदूक. नळीवर एक इंग्रजी नाव, आणि पुढे पी, ए, टी ही अक्षरं अन् टिंब. पणजोबांनी ती थेट अमेरिकेतल्या कारागिराकडून बनवून घेतली, त्यानं ‘पाटील’ कोरायला घेतलं, जागा पुरेना म्हणून टिंब देऊन थांबला, असं काका सांगत. माझ्या लग्नाच्या बैठकीत ही बंदूक मीही चालवली होती. तोंडानं.

काका निवृत्त इतिहासशिक्षक. कुलवृत्तान्त छापायला निघाला तेव्हा भाऊबंद अडून बसले: पाटीलकी छापायची तर पुरावा द्या. तो शोधायचं काम माझ्याकडे आलं. इंटरनेट माझ्या ऑफिसात होतं, त्यामुळे ते माझ्याच मालकीचं आहे असा घरात समज होता. मीही तो मोडला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत शोधता शोधता जुन्या बंदूकवाल्यांचा इतिहास जमवणारा एक अमेरिकन गृहस्थ सापडला. त्याला फोटो पाठवले, वर पाटीलकीची थोरवीही ऐकवली. उत्तर सभ्य होतं. नळीवरचं नाव कारागिराचं नाही, दुकानदाराचं. तो तयार माल घेऊन त्यावर आपलं नाव ठोकत असे. आणि ती तीन अक्षरं म्हणजे पेटंट. शेवटी, पाटील म्हणजे काय ते सविस्तर कळवा, अशी विनंती.

मी प्रिंट काढून काकांपुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली.

“पेटंट म्हणजे, हळदीवर घेतलं होतं तेच ना?”

“हो, काका.”

“म्हणजे इतरांनी हात लावायचा नाही, असा सरकारी हक्क. मग पाटीलकी तरी वेगळी काय होती रे?”

मी हसलो. ते हसले नाहीत. मला वाईट वाटलं. म्हटलं, हे आपल्या दोघांतच ठेवू, भाऊबंदांना कुठे कळणार आहे?

“तुझ्या अमेरिकनाला कळलंय,” काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. पुरावा मिळाला, विरुद्ध मिळाला, मजकूर गाळा.

पलीकडचे भाऊबंद बहुधा विरघळले असावेत. निदान बंदुकीचा फोटो तरी छापू, खाली काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं.

काकांनी क्षणभर नळीकडे पाहिलं.

“बंदूक,” ते म्हणाले.