पाण्याचा माल

गफूरभाईंच्या कामाचं कोणी कौतुक केलं, की ते एकच वाक्य बोलायचे, "पाण्याचा माल हाय, ताई. कायची तारीफ करता?" बोलताना नजर हातातल्या कामटीवरच. चाळीस वर्षं त्यांनी अकोल्यात बांबूच्या कामट्या आणि कागद घेऊन ताजिये बांधले, गणपतीची मखरंही बांधली. ताजिया मोहरमला मोर्णा नदीत ठंडा व्हायचा, म्हणजे बुडवला जायचा, मखर गणपतीमागोमाग जायचं. दहा दिवसांपलीकडे त्यांच्या हातचं काही जगलंच नाही.

मी त्यांच्याकडे गेले ते भलत्याच कामासाठी. कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी संपली आणि माझ्या डोक्यात खेळण्यातल्या आगगाडीचं खूळ शिरलं. माझे बाबा हिवरखेड स्टेशनवर सांधेवाले होते. पुढे रूळ रुंद करायला घेतले, जुनी लहान गाडी बंद झाली, बाबाही गेले. ते स्टेशन मला वरच्या खोलीत, प्लायवुडवर पुन्हा उभं करायचं होतं. इंजीन, डबे, रूळ विकत मिळाले. स्टेशनंही मिळत होती, पण सगळी विलायती, बर्फ घसरून पडावा अशा छपरांची. हिवरखेडात कुठला आलाय बर्फ! बहीण म्हणाली, "म्हातारपणी भातुकली खेळतेस?" मी म्हटलं, "लहानपणी कोणी आणून दिली नव्हती."

गफूरभाईंना मी बाबांचा एक जुना फोटो दाखवला. मागे त्यांची सांधे बदलायची केबिन दिसत होती. मी मापपट्टी पुढे केली, तर त्यांनी त्या पट्टीनं पाठ खाजवली आणि परत दिली. त्यांचं सगळं माप वितीत आणि बोटांत. भिंती जुन्या लग्नपत्रिकांच्या. पुठ्ठा किती जाड, यावरून ते त्या घराण्याची पत ठरवायचे. छपरावरच्या कवेलूंसाठी कागद स्वेटरच्या सुईवर गुंडाळायचा आणि नळी मधोमध चिरायची. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या शेंड्यांचे कडुनिंब. केबिन झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमचे वडील कोठी उभे राहत?" मी केबिनच्या जिन्याची तिसरी पायरी दाखवली. त्या पायरीवर त्यांनी काहीच चिकटवलं नाही. जागा तशीच मोकळी ठेवली.

एकदा जिना चढताना त्यांना धाप लागली आणि ते मध्येच बसले. तेव्हा कळलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे. मी म्हटलं, काम राहू द्या. ते एकदम चिडले. "काहून राहू देऊ? चाळीस साल काम केलं, पोरीले दाखवाले माह्यापाशी एक कामटी नाही. हे मी ठेवाले बनवून राहिलो, ताई. हे पाण्यात जाणार नाही." पोरगी म्हणजे शबाना. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होती. लहानपणी ताजिया ठंडा होताना ती इतकी रडायची, की पुढे पुढे गफूरभाई तिला नदीवर नेतच नसत.

अकरा महिन्यांत सगळं उभं राहिलं. स्टेशन, केबिन, पाण्याची टाकी, मालधक्का. चिकटवायला मैद्याची खळ. ती ते माझ्याच गॅसवर, माझ्याच पातेल्यात शिजवायचे, आणि मी समोर बसून चहा प्यायचे. गाडी पहिल्यांदा स्टेशनात शिरली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

पावसाळ्यात ते दीड महिना दवाखान्यात होते. मी मांडणीवर प्लास्टिक टाकून खोली बंद केली. बरे होऊन ते आले ते शबानाला घेऊनच. दर तीन पायऱ्यांना थांबत वर पोचले. "पाह्य आता," ते तिला म्हणाले. मी प्लास्टिक उचललं.

स्टेशन बसलं होतं. भिंतींची चाळण झाली होती, कवेलू रुळांवर विखुरले होते, केबिन आडवी पडली होती. उजेड पडताच कसर सैरावैरा पळाली. जिथे जिथे खळ लागली होती, तिथे तिथे तिनं खाऊन टाकलं होतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खळीत मोरचूद नव्हता घातला?"

"मोरचूद? ताजियाले कायाले लागते? दहा दिवसांत कोणता किडा खाते, ताई?"

तीस वर्षं वाचनालयात प्रत्येक बाइंडरला मीच बजावत आले होते, खळीत मोरचूद घाल, नाहीतर पुस्तकाला कसर लागेल. आणि इथे अकरा महिने ते पातेलं माझ्या नाकासमोर उकळत होतं. एक शब्द पुरला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "गलती माही हाय. माह्या हाताले दहा दिवसांचीच आदत," एवढं म्हणाले आणि जिन्यात बसून मोठ्यानं रडले. "आता येळ नाही, ताई. एवढं परत होत नाही माह्यानं." शबाना पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

दोन दिवसांनी ते पुन्हा दारात हजर. "एकच बनवतो. तुमच्या बापाची केबिन." मी धावत जाऊन मोरचूद आणला. पूर्वी बारा दिवसांत झालेल्या केबिनला आता अडीच महिने लागले. बोटांतून कवेलू निसटायचे, पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. मी हात जोडून म्हणायचे, आराम करा. "आराम त मंग हायच." कधी कधी अख्ख्या दुपारी दोन कवेलू बसायचे आणि त्यातला एक पडायचा. मला ओरडावंसं वाटायचं.

शेवटी केबिन उभी राहिली. मोरचुदामुळे सांध्यासांध्यांत निळसर रेघ आली होती. मी म्हटलं, "सुरेख झाली." ते नेहमीचं बोलले नाहीत. म्हणाले, "एक पावसाळा काढू द्या तिले. मंग बोलू."

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा दवाखान्यात. मी भेटायला गेले, की पहिला प्रश्न, "उभी हाय?" मी म्हणायचे, "आहे." केबिनवर पुन्हा टाकलेलं प्लास्टिक मी उचललंच नव्हतं. हात होत नव्हता. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "किडा?" मी म्हटलं, "नाही." "मंग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी ते गेले.

त्यानंतर शबाना घरी आली. मी तिला खरं काय ते सांगितलं, की मी न बघताच त्यांना हो म्हणत होते. ती सरळ जिना चढू लागली. दोघींनी मिळून प्लास्टिक उचललं.

केबिन उभी होती. एक कवेलू हललेला नव्हता. तिसरी पायरी मोकळी होती.

शबानानं केबिन दोन्ही हातांत घेतली आणि खाली ठेवेचना. मला द्यायची नव्हती. खरंच नव्हती. माझ्या बाबांची तेवढीच खूण होती. मी म्हटलं, "घेऊन जा." बसमध्ये मांडीवर ठेवून तिनं ती अमरावतीकडे नेली.

वरच्या खोलीत आता नुसते रूळ आहेत. गाडी फिरते, थांबायला काही नाही. पण पाऊस सरला, की नांदगाव पेठेहून फोन येतो. यंदाही आला. शबाना दुसरं काही बोलतच नाही.

"मौसी, उभी हाय."