पिवळ्या मुठीचा दांडा

परवा दुपारी एक गृहस्थ दादाला शोधत आमच्या अंगणात आले. त्यांनी हौसेने एक जुनी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेतली होती आणि दादाच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह बसवलाय हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"मीही बसवावा म्हणतो. पण खरं सांगा, काही फायदा होतो का?"

दादा पायरीवर बसून कसलासा नट पुसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाणी आण त्यांना."

मी आत गेले ती जरा वेळ आतच राहिले. मी रोज झोपण्याआधी चार ओळी लिहिते. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत आहे, पण ते चार महिन्यांच्या पानांत विखुरलेलं आहे. आज सलग लिहून काढते.

दादा माझा थोरला भाऊ. बत्तीस वर्षं वीजखात्यात ड्रायव्हर होता. डोंगरातल्या खांबांवर चढणाऱ्या माणसांना न्यायचं आणि आणायचं, हे त्याचं काम. खात्याने त्याची गाडी भंगारात काढली तेव्हा तोच तिला घरी घेऊन आला. तिला सगळे म्हातारी म्हणतात. आमची दोन घरं एकाच अंगणात, म्हणून मी तिचा आवाज इतकी वर्षं ऐकते आहे. तिच्यात बसलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आमचे हे म्हणायचे, "म्हातारीतून उतरल्यावर दहा मिनिटं आपण ओरडूनच बोलतो. लोकांना वाटतं, नवरा-बायकोचं जुंपलंय."

दादा जन्माचा घुमा आणि वहिनी तितकीच बोलकी. गाडीत मात्र तिचंही काही चालायचं नाही. मग तिने खुणा ठरवल्या होत्या. गुडघ्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे हळू, आणि कान पिळला तर रस्ता चुकलात. "इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसले वन्सं, पण बोलले ते फक्त बोटांनी," असं ती हसून सांगायची.

वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. दवाखाना शंभर किलोमीटरवर. त्यातले सुरुवातीचे चार किलोमीटर नदीच्या पात्रातून, मग सत्तर किलोमीटर काठीसारखा सरळ रस्ता, आणि शेवटी थोडा चढ-उतार. मी मागच्या बाकावर डबा, टॉवेल आणि उलटीसाठी भांडं घेऊन बसायचे. परतताना वहिनी दोन्ही हातांनी डोकं धरून बसे. म्हणायची, यंत्रावरचे चार तास परवडले, पण म्हातारीतले तास नकोत, डोक्यात घण पडतात.

तेव्हा दादाच्या मनात ओव्हरड्राइव्ह आला. गिअरपेटीच्या पाठीमागे बसवायची ती आणखी एक लहान पेटी. तिचा दांडा ओढला की चाकं तेवढ्याच वेगाने फिरतात, पण इंजिनाला पाचव्या हिश्शाने कमी धावावं लागतं. मोडीत निघालेल्या एका गाडीची पेटी दादाने मिळवली आणि मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री खात्याच्या गॅरेजात दादाबरोबर होता, त्यामुळे त्याच्या तोंडाला लगाम नाही.

"कशाला रे हे नसतं लफडं? इंजिनाचा जोर काही वाढत नाही याने. चढ आला की दांडा काढ, उतार आला की काढ, कारण उतारावर इंजिन गाडी धरून ठेवणार नाही. ब्रेक तेच, बाबा आदमच्या काळातले. शिवाय याचं तेल वेगळं, जेमतेम अर्धा लिटर. विसरलास की स्वतःलाच खाऊन टाकील. आणि वाचणार काय? पंधरा मिनिटं! म्हातारी विक आणि एखादी मऊ गाडी घे."

"नदीतून येणारी मऊ गाडी दाखव, घेतो."

मिस्त्रीने पान्हा काढला. दोन रविवार दोघं गाडीखाली झोपले आणि पेटी बसली. दांड्याला मूठ नव्हती, ती वहिनीने निवडली. पिवळी, कपाटाच्या जुन्या दाराची.

पहिल्या मंगळवारी सरळ रस्ता लागला. दादाने क्लच दाबून दांडा ओढला आणि घरघर एकदम खाली बसली. वारा ऐकू आला. डब्याचं झाकण वाजत होतं तेही ऐकू आलं.

"अगंबाई!" वहिनी म्हणाली. "अहो, मला माझा आवाज ऐकू येतोय!"

"आता सुटका नाही," दादा म्हणाला. गाडी चालवताना तो बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवशी वहिनी सत्तर किलोमीटर बोलली. लग्नात दादाचे बूट पायाला चावत होते ते तिने कसं ओळखलं, त्याच्या हातची भाजी तिने वर्षानुवर्षं कशी चांगली म्हणून खाल्ली. दादा मधूनच "हं" करायचा, आणि एकदा खदखदून हसला. मी वहीत लिहिलं आहे, "देवा, तुझे उपकार. डोकं दुखलं नाही." तीन फेऱ्या अशा गेल्या.

चौथी फेरी पुढच्या मंगळवारची. त्याच्या आधीच्या शनिवारी वहिनीचा रक्तदाब मशीनवरच इतका उतरला होता की डॉक्टर धावत आले होते. हृदयही थकलंय, दुसरी किडनी बसवणं शक्य नाही, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. वीटभट्ट्या मागे पडल्या तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, आज जाऊ. पण यापुढे मला नाही जायचं."

दादाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"ऐकलंत ना? एक दिवस यंत्रावर, दुसरा दिवस अंथरुणात. राहिलं काय माझ्याकडे? मला घरी राहू द्या. मी नीट विचार करून..."

दादाने क्लच दाबला आणि पिवळी मूठ पुढे ढकलली.

म्हातारी पुन्हा किंचाळायला लागली. वहिनीचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग तेही थांबले. तिने दादाकडे पाहिलं नाही. तिने खिडकीची काच वर केली.

त्यानंतर दादाने दांड्याला हात लावला नाही. एका गुरुवारी मी विचारलं तर म्हणाला, "पेटीत तेल कमी आहे. मिस्त्रीला वेळ नाही." वहिनी पुन्हा डोकं धरून बसू लागली. घरी तरी ती बोलली असती, पण घरी दादा बसेच ना. कधी गाडीखाली, कधी नदीवर, कधी उगाच पत्रे ठोकत.

मग वहिनी माझ्याशी बोलली. आणि मी काय केलं, तर तिलाच दटावलं. जीव देवाने दिलाय, तो सोडायचा हक्क आपल्याला नाही, असं मी तिला तिच्या उशाशी बसून सुनावलं. तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं होतं.

"देवाला सांगा वन्सं, त्याने दिलेल्याची चाळण झालीय. त्यात आता काही टिकत नाही."

मी उठून घरी आले आणि नेहमीच्या वेळी प्रार्थनेला बसले. काय मागावं ते सुचेना. तिला आयुष्य मागायची इतकी सवय झाली होती की तेच शब्द तोंडात आले, आणि मी अर्ध्यावरच उठले.

रविवारी मिस्त्री आपणहून आला. वहिनी खिडकीशी बसली होती, मी तिच्याजवळ. मिस्त्री गाडीखाली शिरला, पेटीचं बूच उघडलं, बोट घालून पाहिलं आणि खालूनच ओरडला, "अरे, तेल काठोकाठ आहे! रंगसुद्धा बदललेला नाही. वापरतोस की नाही? का नुसतं शोभेला बसवून घेतलंस माझ्याकडून?"

दादा हातात फडकं घेऊन उभा होता. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तेलाचं नाव कशाला घेतलंत? मला नाही ऐकवत, असं म्हणायचं."

दादाच्या हातातलं फडकं खाली पडलं ते त्याने उचललं नाही. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, दोघांची तोंडं पाहिली आणि हात न धुताच निघून गेला.

मंगळवारी सरळ रस्ता लागला. दादाने क्लच दाबला आणि दांडा ओढला. शांतता झाली. वीटभट्ट्या मागे पडल्या. मग तो समोर रस्त्याकडे बघतच म्हणाला, "बोल."

वहिनी बोलली. तेच, तसंच, शेवटपर्यंत. दादा एकदाच म्हणाला, "मी काय करू मग?" ती म्हणाली, "काही नाही. गाडी चालवा." मी मागच्या बाकावर भांडं मांडीवर धरून बसले होते. या वेळी मी मध्ये पडले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, मग दादाशी. कागदावर तिने सही केली, दादाने केली. त्रास झाला तर द्यायची औषधं त्यांनी दिली. यंत्राच्या खोलीकडे न वळता आम्ही दुपारीच परत निघालो.

पुढे ती नऊ दिवस होती. त्यातले सहा दिवस, सकाळी ऊन तापायच्या आत, दादा तिला उचलून गाडीत बसवायचा आणि नदी ओलांडून सरळ रस्त्यावर न्यायचा. मला त्यांनी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. तासाभराने परत यायचे. काय बोलायचे देव जाणे. एकदा दादाचे डोळे सुजलेले होते. एकदा दोघंही कशावर तरी हसत उतरले. सातव्या दिवशी तिला उठवेना. नवव्या दिवशी दुपारी गेली. मी तिच्यासाठी त्या नऊ दिवसांत फक्त एकच मागितलं, त्रास नको. थोडा झाला.

परवा मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा दादा त्या गृहस्थांना सगळं समजावून सांगत होता. चढावर दांडा काढायचा, उतारावर काढायचा, तेल दर आठवड्याला बघायचं, ब्रेक जुनेच आहेत हे विसरायचं नाही.

"म्हणजे कटकटच सगळी," गृहस्थ म्हणाले. "फायदा काय मग?"

"आवाज कमी होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

ते पाणी पिऊन गेले. बसवणार की नाही, ते काही बोलले नाहीत.

काल दादा औषधाच्या उरलेल्या बाटल्या दवाखान्यात परत द्यायला गेला होता. संध्याकाळी वारा पडला की नदीपलीकडचा सरळ रस्ता आमच्या अंगणापर्यंत ऐकू येतो. मी दोरीवरचे कपडे काढत होते. म्हातारी खूप लांबून ऐकू आली, पूर्वीसारखीच, घसा फोडून ओरडत. शेजारची जागा रिकामी असली की दादा तो दांडा ओढत नाही.