डावा पाय आणि काशाची वाटी

मणक्याचं ऑपरेशन झालं, पाठ सुधारली आणि डाव्या पायाचं बिनसलं. दुपारी अचानक तो लालबुंद व्हायचा, तापायचा, कातडीवर जांभळे चट्टे उठायचे. नुसता पंख्याचा वारा लागला तरी मी बोंब मारायचो. पण बायको ऑफिसमधून येईपर्यंत सगळं गायब! सर्जनच्या क्लिनिकमध्ये तर हाच पाय शहाण्या बाळासारखा पडून राहायचा. एमआरआयसुद्धा क्लीन निघाला. "स्ट्रेस असेल," सर्जन हसून म्हणायचा, आणि मला त्याची मान मुरगळावीशी वाटायची.

मी फोटो काढून बायकोला दाखवले. ती म्हणाली, "तुझ्या फोनमध्ये सगळंच लाल दिसतं. आणि भांडी लावायची असली की बरा दुखतो रे तुझा पाय!" दुखणं मी सोसलं असतं, पण घरच्या माणसालाही ते खोटं वाटावं, हे मला फार लागलं होतं.

इथे परदेशात, आयसेलिनला आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरच्या एक काकू राहतात. त्यांनी एका वाक्यात निदान केलं. "उष्णता आहे. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घास. काळा झाला की उष्णता निघाली समज. अन् धुवायचा नाही, मोजा घालून झोपायचं."

माझ्या दुखण्यावर विश्वास नसलेल्या बायकोचा उष्णतेवर मात्र ताबडतोब विश्वास बसला. काकूंकडून वाटी आणून तिने संध्याकाळी पाय असा घासला, की तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला. आणि पाय नेमका तेव्हाही शांत! "बघ, किती निघाली!" ती खूश होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अपॉइंटमेंट होती. गडबडीत तसेच गेलो. मी मोजा काढला आणि सर्जनचं हसू मावळलं. त्याने घाईघाईने पायाची नाडी तपासली, नर्सला हाक मारली, शेजारच्या खोलीतून आणखी एक डॉक्टर बोलावला. तिघं माझ्या पायावर वाकली. खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला. मग रक्तपुरवठा, इमर्जन्सी असे शब्द कानावर पडले आणि माझी तंतरली.

"डॉक्टर, इट्स ओन्ली घी," मी म्हणालो.

"अँड अ बाउल," बायकोने मदत केली.

"म्हणजे तुम्ही तुपाच्या बाउलमध्ये पाय बुडवला?" सर्जनने विचारलं.

"नो, नो! बाउल ऑन द फूट!"

सर्जनने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. नर्सने स्पिरिटचे बोळे घेतले आणि खसाखसा पुसायला सुरुवात केली. काळं निघालं. आणि त्या घासण्याने पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भडकला. लाल झाला, चट्टे उठले, बोटं आत वळली. माझ्या किंकाळीने बाहेरची वेटिंग रूम चिडीचूप झाली.

सर्जन स्टूल ओढून खाली बसला. पाय निरखून म्हणाला, "हे काय आहे, मला माहीत नाही. पण काहीतरी नक्की आहे."

बायकोने पावलाला हलकेच हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अरे, हा तर भाजतोय! रोज असंच होतं?"

मी मान हलवली. पायाची नुसती आग होत होती, आणि मला इतकं बरं वाटलं, की मी त्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.